बावन पॉइंट नऊ

"इस्त्री मेली आता," बाबा म्हणाले,
"तापूनच नाही राहिली."
मे महिना, संध्याकाळचे सव्वासात,
गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत
एकूणएक कूलर सुरू,
ओल्या वाळ्याचा वास, आणि ट्यूबलाईट
उठू की नको करत डोळे चोळणारी.

टपरीत सतरा पँटा, एक शेरवानी
आणि बोरकर मास्तरांचा कुडता.
मास्तरांना सकाळच्या गाडीनं काटोलला जायचं होतं,
मुलासाठी मुलगी बघायला.
बाबा तळावर पाण्याचा थेंब मारून
कान देत होते.
चर्र नाही. नुसतंच ओलं.

आयटीआयमधून मी क्लॅम्प मीटर मागून आणलं होतं,
एका रात्रीच्या बोलीवर.
आधी अख्खी वायर चिमट्यात धरली.
शून्य.
"तुही मशीनबी मेली," बाबा हसले.
चूक माझी होती. जाणारी आणि परतणारी
दोघींना एकत्र धरलं
की त्या एकमेकींना खोडून टाकतात.
सुती वेष्टण उसवलं,
एकटी तांबडी वायर बाहेर काढली,
तेव्हा आकडा बोलला: तीन पॉइंट चव्वेचाळीस.
प्लगमध्ये एकशे ब्याऐंशी.

हिशोबाच्या वहीत
'चादरी ४, बाकी २० रु.' च्या खाली
मी भागाकार मांडला.
बावन पॉइंट नऊ ओहम.
मग मुठीजवळची पितळी पट्टी पुसली,
अर्धी झिजलेली:
दोनशे तीस व्होल्ट, हजार वॅट.
दोनशे तीसचा वर्ग, भागिले हजार.
पुन्हा तेच. बावन पॉइंट नऊ.

थोडा वेळ मी वहीतून मान वर केली नाही.
अकरा वर्षं कोळपलेल्या कॉलरी, लग्नाचे हंगाम,
दोनदा हातातून पडणं,
आणि अभ्रकात दाबलेली ती तार
एका दशांशानंही हलली नव्हती.

"बाबा, इस्त्री चांगली आहे."
"मंग तापत काहून नाही?"
गुणाकार करून दाखवला: सहाशे सव्वीस.
हजारातले पावणेचारशे आलेच नाहीत.
"लाईन पाचवा हिस्सा कमी,
अन् गरमी तिसऱ्याहून जास्त गेली?
किलोत पाव कमी तोललं
तं पावच कमी होते ना, पोरी."
मी म्हटलं, व्होल्टेज घसरलं
की धाराही घसरते मागोमाग,
आणि शक्ती म्हणजे दोघांचा गुणाकार.
बाबांनी इस्त्रीकडे पाहिलं,
जसं तापातल्या लेकराकडे पाहतात.
"म्हणजे दोन्ही भाऊ एकदम आजारी."
पुस्तकात याला वर्गाचा नियम म्हणतात.
मी भावांचंच लिहून घेतलं.

गच्चीवरून कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसतात.
"वीज तं तिथं, डोळ्यासमोर," बाबा म्हणाले,
"मधात कोण अडवून राहिलं?"
खांबापासूनची बारीक वायर, तिच्यावर दोनशे कूलर,
आणि तीन अर्ज, पोच घेतलेले.
तिथंही एक रोध आहे.
तो मोजायला माझ्याकडे शिडी नव्हती.

पहाटे चारला खडखड झाली.
गल्लीतले निम्मे कूलर झोपलेले,
टपरीतला दिवा दुधासारखा पांढरा.
बाबांनी मला उठवलं नव्हतं,
मीटर स्वतःच लावलं होतं,
एकट्या तांबड्या वायरवर, बरोबर.
दोनशे अडतीस. चार पॉइंट पाच.
"भाग," म्हणाले.
उत्तर मला ठाऊक होतं. तरी भागलं.
त्यांनी थेंब मारला.
चर्र.
मास्तरांची बाही सरळ होत गेली.

"एक हजार एकाहत्तर वॅट," मी म्हटलं.
"वरचे एकाहत्तर कोनाचे?"
मी काही बोलले नाही.
बाबांनी पेन्सिल थुंकीनं ओली केली
आणि बाकीच्या रकान्यात, चादरींच्या खाली,
ते टिपून ठेवले.